एकतीस तास चौदा मिनिटं

नंदीशचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला मी अव्वाचं, म्हणजे आईचं, कपाट उघडलं, इरकली साड्यांच्या घड्यांमागे हात घातला आणि बोटांना काहीतरी गरम लागलं. हात आपसूक मागे आला. खरं तर त्यात दचकण्यासारखं काय होतं? सोलापुरात चैत्रातल्या दुपारी गरम नाही असं काही शोधूनच काढावं लागतं. नळाचं पाणी गरम, जिन्याचा कठडा गरम, उशी गरम. पण त्याच कप्प्यात शेजारी ठेवलेला अप्पांचा अडकित्ता गार होता, पितळी डबी गार होती, दाखल्याची प्लास्टिकची पिशवीसुद्धा गार होती. ती एकच वस्तू गरम होती, आणि तीही उन्हानं तापल्यासारखी नाही. कुणीतरी बराच वेळ हातात धरून आत्ताच खाली ठेवावी तशी. बाहेर काढली. नंदीशचा व्हिडिओ गेम. वहीसारखा उघडणारा, निळा, बिजागरीपाशी टवका उडालेला. नंदीशला जाऊन आठ वर्षं झाली होती. अव्वा गच्चीवर कुरडया गोळा करत होती, घरात मी एकटा होतो, आणि माझ्या भावाचं यंत्र माझ्या हातात ऊबदार होतं.

‘जाऊन’ म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत, म्हणून मी तोच शब्द वापरतो. गेला म्हणजे एका रविवारी सकाळी मोटारसायकल घेऊन गेला. मोटारसायकल केमच्या स्टेशनाबाहेर सापडली, कुलूप लावलेली. केम म्हणजे करमाळ्याकडचं लहान स्टेशन, कुंकवासाठी नाव असलेलं गाव. आमचं तिथं कुणी नाही. त्याला तिथं पाहिलेलंही कुणी भेटलं नाही. पोलीस झाले, पेपरातले फोटो झाले, गाणगापूरपासून तिरुपतीपर्यंत सगळं पालथं घालून झालं. त्याची बायको राजेश्वरी तीन वर्षं आमच्यात राहिली, मग माहेरी वैरागला शाळेत नोकरी लागली म्हणून गेली. दर सणाला येते, अव्वाच्या पायाला तेल लावते, जाते. कपाळावर एक बारीक काळी टिकली लावते. धड सवाष्णीची नाही, धड दुसरी कसली नाही. गेल्या महिन्यात ती आली आणि मान खाली घालून म्हणाली, की तिच्याच शाळेतले एक मास्तर आहेत, भला माणूस आहे. कोर्टातून नंदीश हयात नसल्याचं धरून घेता येतं, सात वर्षांच्या वर खबर नसली की. त्यासाठी घरच्यांनी लेखी द्यायचं, की आम्हाला काही कळलेलं नाही, आणि त्याचा शाळेचा दाखला जोडायचा. तुमच्या सह्यांशिवायही जमेल म्हणतात वकील, पण अत्तींच्या सहीशिवाय मला नको, असं ती म्हणाली; सासूला ती अत्ती म्हणते. अव्वानं पायाला लागलेलं तेल पदरानं पुसलं. मग म्हणाली, “घेऊन ये कागद. करते सही.” राजेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “बघू.”

हा माझा शब्द आहे. चव्वेचाळीस वर्षांत मी तो किती वेळा वापरला असेन, देव जाणे. मुली सांगून आल्या, मी बघू म्हणालो, त्या मुलींची मुलं आता कॉलेजात आहेत. नव्या पेठेत आमचं मॅचिंग सेंटर आहे. खाली दुकान, वर घर. अस्तर, फॉल, परकर. बायका साडी घेऊन येतात आणि त्या साडीच्या लालसारखा लाल मागतात. लाल छत्तीस असतात. ट्यूबलाइटखाली सगळे जुळतात, म्हणून मी तागा उचलून दाराशी, रस्त्यावरच्या उजेडात नेतो. तिथं एकही जुळत नाही. मग पुन्हा आत. एकेक बाई तासभर घेते, आणि मी कधी वैतागत नाही, लोक म्हणतात अमरेशशेठचा स्वभाव लई शांत. स्वभाव कसला. समोरची ठरवत असते तोवर मला काही ठरवावं लागत नाही, एवढंच सुख आहे त्यात.

यंत्राच्या बटणांच्या खाचांत पांढरी भुकटी बसली होती. मी ती नखानं काढली आणि बोट नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता, पण ओळखायचं मी टाळलं. मग झाकण उघडलं, कळ दाबली. आठ वर्षं बंद पडलेलं यंत्र, लागणार नाही अशी माझी खात्री होती. ते लागलं. एक नाजूक, घंटेसारखा सूर वाजला आणि नंदीशनं ठेवलेली नोंद पडद्यावर आली. डाव किती वेळ खेळून झाला ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं. ३१:१४. एकतीस तास, चौदा मिनिटं. खाली इंग्रजी अक्षरांत चार नावं होती, नंदी, राजी, अव्वा, अमर. पाच अक्षरांच्या वर नाव बसत नसे त्यात. मी आत गेलो. जंगलाच्या कडेला निळा दगड, आणि त्यापुढे आम्ही चौघं उभे. जागच्या जागी थोडे हलत होतो, श्वास घेतल्यासारखे. मी झाकण मिटलं आणि यंत्र होतं तिथं कोंबून दाखला घेऊन खाली दुकानात येऊन बसलो. पुढं आलेल्या बाईला मी मोरपंखीच्या जागी शेवाळी दिला आणि तिनंही तो नेला.

तो खेळ मला माहीत होता. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की नंदीश गल्ल्यामागे बसून खेळायचा, आणि मी चिडवायचो. जपानी लोकांचे खेळ हे, म्हणायचा. मला तर त्याचं हसूच यायचं. राक्षस समोर उभा आहे, तलवार उपसलेली आहे, आणि कुणीही कुणाला मारत नाही. दोन्ही बाजू समोरासमोर रांगेत उभ्या, लग्नात अंतरपाट धरल्यासारख्या. मग एक चौकट उघडते, तिच्यात एकाखाली एक लिहिलेलं: मार, मंत्र, औषध, बचाव, पळ. तुम्ही त्यातलं एक निवडायचं. निवडेपर्यंत राक्षस थांबतो. ही कसली लढाई रे, मी म्हणायचो, हा तर रेशनच्या दुकानातला नंबर झाला. एकदा तो असाच एका भल्यामोठ्या सापापुढे येऊन ठेपला होता आणि वरून अव्वाची जेवायची हाक आली. तो यंत्र तसंच उघडं ठेवून वर गेला. मी एकटा त्या सापासमोर बसलो. साप डोलत होता, संगीत फिरून फिरून तेच वाजत होतं. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. साप थांबला होता. त्याला घाई नव्हती, राग नव्हता, आणि त्याला माझं मत हवं होतं. मला आठवतं, माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. नंदीश हात पुसत आला, माझ्याकडे बघून हसला. “कळलं ना अण्णा? समोरचा थांबतो. असं दुसरं कुठं हाय?” त्यानंतर मी रोज त्याच्या खांद्यावरून बघू लागलो. त्यातला अमर ढालवाला होता, सगळ्यात मंद, त्याची पाळी सगळ्यांत शेवटी यायची. अमरची पाळी आली की नंदीश माझ्याकडे न बघता विचारायचा, “काय करू?” मी म्हणायचो बघू. तो ‘बचाव’ दाबायचा. अमर ढाल पुढं करून गुडघ्यावर बसायचा. एकतीस तासांत अमरनं कुणालाही मारलं नाही.

शेवटच्या शनिवारी दुपारीही तसंच चाललं होतं. त्यानं निळ्या दगडाला हात लावला, नोंद केली, झाकण मिटलं. मग म्हणाला, “अण्णा, उद्या केमला येतोस माझ्यासंगं?” मी विचारलं कशाला. “असंच. एक दाखवायचंय.” तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी चिंतामणी रंगाचा तागा गुंडाळत होतो. किती वेळ गुंडाळत होतो ते मला सांगता येणार नाही. आठवणीत तो तागा संपतच नाही. मग मी म्हणालो, बघू. दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा साडेसात वाजले होते आणि तो गेला होता. जाताना अव्वाला म्हणाला होता, होगि बर्तीनि, जाऊन येतो. हे सगळं मी पोलिसांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं, काही बोलला होता का? मी नाही म्हणालो.

रविवारी यंत्र पुन्हा गरम होतं. सोमवारीही. मी अव्वाची नजर चुकवून, ती चारनंतर शेजारी गेली की कपाटात हात घालायचो. दोन्ही दिवस गरम आणि दोन्ही दिवस ३१:१४. हे मला जास्त लागलं. कुणी खेळत असेल तर वेळ पुढं जायला हवी. वेळ पुढं गेली नाही तर यंत्र गरम कसं? म्हणजे कुणीतरी रोज येतं, आणि आल्याचं काही उरत नाही. ती पांढरी भुकटीही ताजी होती. मी खाचा साफ केल्या होत्या, त्या पुन्हा भरल्या होत्या. आता मी तो वास ओळखला. विभूती. वडिलांना, अप्पांना, आमच्या लिंगायत रीतीनं पुरलं तेव्हा खड्ड्यात बसवून वरून पोतंभर विभूती ओतली होती, नाकातोंडात गेली होती माझ्या, ती आठवडाभर निघाली नव्हती. दुकानात बसल्या बसल्या मला वरच्या लाकडी तक्तपोशीवर पावलं ऐकू येऊ लागली. तिथं अव्वा चालत असणार हे मला कळत होतं. तरी मी मोजायचो, आणि ती दोन पायांपेक्षा जास्त वाटायची. मला भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत एक लबाड आनंदही होता. तो येत असेल तर गुरुवारी सही करायचा प्रश्नच नव्हता. गुरुवारी राजेश्वरी कागद घेऊन येणार होती.

मंगळवारी दुपारी तीनला मी शटर अर्धं ओढलं आणि चपला हातात घेऊन जिना चढलो. अव्वा दोन ते चार झोपते. दार लोटलेलं होतं, आणि आतून लढाईचं संगीत ऐकू येत होतं. बारीक, फिरून फिरून तेच. मी फटीतून पाहिलं. अव्वा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात यंत्र. नव्वदीकडे झुकलेली नाही ती, चौऱ्याहत्तरची आहे, पण त्या निळसर उजेडात तिचं वय मला सांगता आलं नसतं. तिला इंग्रजी येत नाही. तिला मराठीसुद्धा वाचताना बोट लावावं लागतं. ती चौकटीतल्या ओळी वरून मोजत होती, अंगठ्यानं, जपाचे मणी ओढल्यासारखी: एक, दोन, तीन. तिसरी ओळ. औषध. “तिन्नो, मगा,” ती म्हणाली. खा, बाळा. नंदीच्या डोक्यावर हिरवा उजेड पडला. मग पुढची लढाई. एकदा चूक झाली आणि ती स्वतःशी हसली, मी कित्येक वर्षांत न ऐकलेलं हसू. चारला पाच कमी असताना तिनं झाकण मिटलं, यंत्र कपाळाला लावलं आणि उठली. मी खाली पळालो.

दगडाला हात लावल्याशिवाय नोंद होत नाही, हे तिला माहीत नव्हतं. कुणी सांगणार? आठ वर्षं ती रोज दुपारी त्याला त्या दगडापासून चार पावलं जंगलात नेत होती, लांडग्यांशी लढवत होती, औषध पाजत होती, आणि यंत्र बंद करताच सगळं पुसलं जात होतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच उभा. तिला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नसणार. मुलगा काल जिथं सोडला तिथंच भेटतो, याहून चांगलं काय? मी गल्ल्यावर बसलो होतो आणि मला हसू येत होतं, आणि मग ते हसू नव्हतं. समोरची बाई म्हणाली, “काय झालं ओ शेठ, डोळ्यात गेलं का काय?” मी म्हणालो, कापडाची धूळ.

बुधवारी सकाळी अव्वा सिद्धेश्वराच्या देवळात गेली. तिला परत यायला दहा वाजतात. मी दुकान उघडलं नाही. यंत्र काढलं, तिच्याच जागेवर, तसाच पाय लांब करून बसलो. नुसतं बघायचं, असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं हेच विशेष. चार पावलं चाललो तर लांडगे आले. नंदीची पाळी झाली, राजीची झाली, अव्वाची झाली. मग अमर एक पाऊल पुढं आला आणि चौकट उघडली. खाली कुणीतरी शटर वाजवत होतं, “शेठ, ओ शेठ.” लांडगे डोलत होते. मी तसाच बसून राहिलो, दहा मिनिटं असतील. त्या वाटेवर पान हललं नाही, कुणी मला टाकून पुढं गेलं नाही, कुणाची मोटारसायकल सुरू झाली नाही. मी जन्मभर हेच मागत होतो, जगानं एवढंच थांबावं. आणि मग माझा अंगठा पहिल्या ओळीवर गेला. मार. अमरनं ढाल खाली ठेवली, धावत गेला आणि मारलं. लांडगा विरघळला. मी ओरडलोच. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. जंगल संपलं, पूल आला, पुलापलीकडे दिवे लागलेलं गाव. मी त्यांना घेऊन चालत राहिलो, अमर प्रत्येक वेळी मारत होता. गावात एक धर्मशाळा होती. आतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, रात्रभर विसावा घेणार का? हो की नाही. मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यात इतक्या पटकन मी कशालाच हो म्हणालो नव्हतो. अंधार झाला, अंगाईसारखे चार सूर वाजले, सकाळ झाली, आणि कोपऱ्यात उमटलं: नोंद झाली. ३१:५२.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. निळा दगड, जंगलाची कड, त्या शनिवारी दुपारी त्याचा अंगठा जिथं थांबला ती जागा. ती आता कुठंच नव्हती. त्याच्या हातानं केलेली या घरातली शेवटची गोष्ट होती ती. अव्वानं आठ वर्षं तिला धक्का लावला नव्हता, मी अडतीस मिनिटांत पुसली. मागं जायची काही सोय असेल म्हणून मी सगळी बटणं दाबून पाहिली. म्हातारा परत परत तेच विचारत राहिला, विसावा घेणार का, विसावा घेणार का. जिन्यावर अव्वाच्या काठीचा आवाज आला. मी यंत्र कपाटात टाकलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं, दोनदा. त्या दुपारी अव्वा झोपली नाही. पापडाचं पीठ कुटायला शेजारणी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत मला उसंत मिळाली, आणि उसंतीत मी काय करतो ते सांगून झालेलंच आहे.

गुरुवारी अडीचला राजेश्वरी आली. घामानं निथळलेली, हातात फाईल. तिनं फाईल टेबलावर ठेवली, माठातलं पाणी घेतलं. “अत्ती झोपल्यात?” मी म्हणालो, उठतील. आम्ही दोघं बसून राहिलो. पलीकडच्या खोलीतून आज संगीत ऐकू येत नव्हतं. मग दार उघडलं आणि अव्वा आली, उघडं यंत्र दोन्ही हातांत धरून, दुधाचं पातेलं आणावं तशी जपून. “नंदी हलला,” ती म्हणाली.

राजेश्वरी उभी राहिली. “काय म्हणताय अत्ती?”

“दगडापाशी न्हाई. लई हुडकलं मी. गावात गेलाय. घरात हाय बघ हितं, खाट हाय, दिवा हाय.” तिनं यंत्र राजेश्वरीपुढं धरलं. राजेश्वरीनं वाकून पाहिलं. तिला तो खेळ माहीत असणार. त्यात तिचंही नाव होतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग मी उतरताना पाहिला, उजेडात नेलेल्या कापडाचा उतरतो तसा. “आठ वर्सं हलला न्हाई,” अव्वा म्हणाली, “आन आज हलला. सही कशी करू मी? जित्या माणसावर सही करू का?” मग ती माझ्याकडे वळली. अगदी शांतपणे. “अमरू, तुला काय वाटतंय? कुणी हलवलं असंल?”

दोघी माझ्यासमोर उभ्या होत्या. पंखा फिरत होता, खाली रिक्षा ओरडत होत्या, आणि त्या दोघी उभ्या होत्या, जागच्या जागी किंचित हलत, श्वास घेत. यंत्रातून धर्मशाळेचे सूर फिरून फिरून येत होते. मला चौकट दिसत होती. सगळ्या ओळी दिसत होत्या. मी हलवला, एवढं म्हणायचं होतं, दोन शब्द. मी सांगितलं तर अव्वाचा नंदी माझ्या हातून मरणार होता. न सांगितलं तर राजेश्वरीचं आयुष्य त्या काळ्या टिकलीपाशी थांबणार होतं. मला वाटलं वेळ आहे. मला खरंच वाटलं की मी ठरवेपर्यंत कुणी हलणार नाही. आणि मग माझ्याच तोंडून मी ऐकलं, “यंत्र आहे, होतं कधीकधी. बघू.”

राजेश्वरीनं पदरानं मान पुसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. “बघा भावजी,” ती म्हणाली. “त्यांनी पण केमला न्यायला तुम्हालाच विचारलं होतं. मला सांगितलं होतं त्यांनी, अण्णा हो म्हणाला की तिघं जाऊ. तिथं एका कुंकवाच्या कारखान्यात त्यांनी काम बघितलं होतं, खोली बघितली होती. दुकान सोडायचं होतं त्यांना, तुमच्या तोंडावर सांगायचा धीर नव्हता. मी हे आठ वर्षं बोलले न्हाई, तुमी आपणहून बोलाल म्हणून थांबले. आता न्हाई थांबत.” तिनं अव्वाच्या पायांना हात लावला, चपला घातल्या आणि जिना उतरली. फाईल टेबलावर तशीच राहिली.

अव्वा खाली बसली. यंत्र मिटलं. “कपाटात तू ते आडवं ठेवलंस,” ती म्हणाली. “मी उभं ठेवते.”

मी टेबलावरची फाईल सरळ केली.

“तूच हलवलास, ते कालच कळलं मला. पीठ कुटताना हात घातला तवाच. सांगशील म्हणून थांबले. तू मी हलवला म्हणाला असतास तर मी तितंच सही करणार होते, तिच्यासमोर.” तिचा आवाज चढला नाही. “त्याला आठ वर्सं मी धरून ठेवलाय अमरू. कुणीतरी सोड म्हणायला पायजे की न्हाई मला?” तिनं फाईलमधून कागद काढला, यंत्राच्या झाकणावर ठेवला आणि बोट लावून ओळ शोधत सही केली. काशम्मा. शेवटचा काना लांब गेला. मग कागद आणि यंत्र दोन्ही तसंच माझ्या हातात दिलं. “जा. ती गेली बघ.”

मी अनवाणी उतरलो. नव्या पेठेत चारच्या सुमाराला माणूस माणसाला लागतो. लग्नसराईची गर्दी, रिक्षा, हातगाड्या, आणि कुणीही थांबत नव्हतं. मी माणसं ढकलत पळत होतो, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. शेठ, तुमी पळताना आमी पयल्यांदा बघितलं. डांबरानं तळपाय भाजत होते. ती चौकाच्या अलीकडे दिसली, रिक्षाला हात करत होती. मी हाक मारली. कधी नव्हे ती नावानं मारली, राजी. ती वळली.

मी कागद पुढं केला. तिनं अव्वाची सही पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, “आणि तुमची?” माझ्या खिशात पेन नव्हतं. तिनं पर्समधून लाल शाईचं काढलं, वह्या तपासायचं. रिक्षावाला म्हणाला, बसायचंय का न्हाई? मी कागद यंत्रावर ठेवला. “त्यानं विचारलं होतं,” मी म्हणालो. “मी बघू म्हणालो होतो. आणि काल त्याला मीच हलवला.” तिनं मान हलवली, ते तिला ठाऊक असल्यासारखी. मी सही केली. कागदाखालून यंत्राची ऊब हाताला लागत होती. ती रिक्षात बसली आणि गेली, आणि मी पाय पोळेपर्यंत तिथं उभा होतो.

घरी आलो तेव्हा अव्वा भिंतीला टेकून बसलेली होती. मी शेजारी बसलो आणि झाकण उघडलं. खोलीत खाट होती, दिवा होता. नंदी खाटेपाशी उभा होता, आम्ही तिघं त्याच्यामागे. कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकत होता; चार्जिंग संपत आलं होतं. मी वायर घ्यायला उठलो तर अव्वानं माझा हात धरला.

“नको. निजू दे त्याला.”

मग आम्ही दोघं बघत बसलो. त्यात काही घडत नव्हतं, ते चौघं श्वास घेत होते, सूर फिरून येत होते. मग मधेच सूर तुटला आणि पडदा काळा झाला, त्यात अव्वाचा चष्मा आणि माझं तोंड दिसलं. अव्वानं बोटाला विभूती घेतली आणि झाकणावर तीन पट्टे ओढले. यंत्र आमच्या दोघांच्या हातांत होतं. ते हळूहळू गार होत गेलं, आधी कडांनी, मग मध्ये, आणि पूर्ण गार होईपर्यंत आम्ही ते खाली ठेवलं नाही.